ऑनलाइन गटकाम आखायची साधनं कोणी वापरलीत का? माझं एक फाटक अडकलंय

मांजराकाठ | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. बी.ए. दुसऱ्या वर्षाला ४८ लेकरं आहेत. तीसेक जण रोज एसटीनं येतात, बाकीचे जमेल तेव्हा येतात. म्हणून आठवड्यातलं एक काम मी ऑनलाइन ठेवलंय, दोन-तीन दिवस चालणारं, ज्याला जेव्हा रेंज मिळेल तेव्हा करायचं.

या वेळी प्रश्न दिला होता: २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी का आणावं लागलं? याचं उत्तर एका विषयात मावत नाही. पाऊस किती पडला, आपला खडक पाणी किती धरतो, मांजरा धरणात काय उरलं होतं आणि शेतात कोणतं पीक उभं होतं, हे चारही धागे जुळले तरच उत्तर येतं. म्हणून जिगसॉ पद्धत घेतली. चौघांचा एक मूळ गट, त्यातल्या प्रत्येकाकडे एकेक धागा. एकाच धाग्यावरचे विद्यार्थी आधी तज्ज्ञगटात बसून तो विषय पक्का करतात आणि मग आपापल्या मूळ गटात परत येऊन उरलेल्या तिघांना शिकवतात.

फळ्यावर आखलं तेव्हा सगळं सोपं वाटलं. मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचं ‘लर्निंग डिझायनर’ उघडलं. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे. बटणं सगळी इंग्रजीत आहेत, पण मजकूर मी मराठीतच लिहिला. प्रत्येक कृतीला मिनिटं किती, गटात किती जण, शिक्षक हजर की नाही, हे ते विचारतं. तज्ज्ञगटासमोरची गटसंख्येची चौकट आली आणि मी थांबले. ४८ जण, धागे चार, म्हणजे एकेका तज्ज्ञगटात १२ जण. बारा जणांत तिघं-चौघं बोलतात, बाकीचे हजेरी लावतात. वीस वर्षं शिकवून हा हिशोब मी कधी मांडला नव्हता. प्रत्येक धाग्याचे तीन-तीन तज्ज्ञगट केले, चौघांचे.

त्यात एक वर्तुळ रंगत जातं. वाचणं-ऐकणं, शोध घेणं, चर्चा, सराव, सहकार्य आणि निर्मिती अशा सहा प्रकारांत तुमचा वेळ वाटून दाखवतं. मी आधी माझा नेहमीचा तास भरून पाहिला होता. जवळजवळ सगळं वर्तुळ वाचणं-ऐकणं याच रंगाचं झालं. ते पाहून मन खट्टू झालं, खोटं कशाला सांगू.

आता अडचण. काम चालवण्यासाठी आमच्या संगणकशास्त्राच्या सरांनी प्रयोगशाळेतल्या एका जुन्या मशीनवर ‘लॅम्स’ नावाचं, असं काम टप्प्याटप्प्यानं चालवायचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. त्यात कृतींचे चौकोन ओढून पडद्यावर मांडायचे आणि बाणांनी जोडायचे. मध्ये ‘गेट’ म्हणजे फाटक ठेवता येतं. मी सगळे येईपर्यंत बंद राहणारं गेट निवडलं, म्हणजे तज्ज्ञगट पूर्ण झाल्याशिवाय कोणी मूळ गटात जाणार नाही. रात्री नियंत्रणाचं पान उघडलं तर सगळ्यांच्या खुणा त्या फाटकापाशी रांगेत उभ्या. एक मुलगी मागे राहिली होती. तिनं पहिला टप्पा केला, दुसऱ्याच्या मध्यावर थांबली आणि पुढे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, ती आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेली.

फाटक मला हातानं उघडता येतं, ते मी उघडलंही. पण मग तिच्या मूळ गटाला ‘पीक’ हा धागा शिकवायला कोणीच उरलं नाही. ऊस तोडायला गेलेल्या मुलीकडे ऊसाचाच धागा होता.

तुम्ही कसं आखता?

तासिकावाला | रविवार, रात्री १०.२५

मॅडम, काम मनापासून केलंय हे दिसतंय. माझी बाजू सांगतो, राग मानू नका. मी तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत जातो, एक जालन्यात आणि एक तिथून चाळीस किलोमीटरवर. पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. आखायला लागलेल्या तीन तासांची कुठेच नोंद नाही. मानधनही महिन्याच्या महिन्याला येत नाही. अशात मी व्हॉट्सॲपवर गट काढतो, प्रश्न टाकतो, पोरं उत्तरं देतात. सगळ्यांच्या फोनमध्ये ते आधीच आहे, नवीन काही शिकवावं लागत नाही. यापेक्षा जास्त कशाला, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

खडूफळा | रविवार, रात्री ११.०५

तासिकावाला सर, तुमच्या मानधनाचं दुखणं अगदी खरं आहे आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरनं मिटणारं नाही. तेवढं मान्य करूनच पुढचं लिहिते.

मी नांदेडला बी.एड.ला शिकवते. व्हॉट्सॲपवर मी दोन वर्षं चर्चा घेतल्या. प्रश्न टाकला की पहिला हुशार विद्यार्थी पाच मिनिटांत आठ ओळी लिहायचा. मग खाली ‘सेम मॅम’, ‘मी सहमत आहे’, अंगठा, अंगठा, दोन हात जोडलेले. एकदा मोजलं: ३७ जणांत स्वतःचं वाक्य लिहिणारे पाच. बाकीच्यांना येत नव्हतं असं नाही. पहिलं उत्तर समोर दिसलं की स्वतःचं लिहायची हिंमतच होत नाही.

मूडल या ऑनलाइन वर्गाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रश्नोत्तर’ प्रकारचा चर्चामंच असतो. त्यात स्वतःचं उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्याचं दिसत नाही. गोष्ट एवढीशीच, पण तिनं वर्ग पालटला. आधी एकट्यानं विचार करायचा, मग जोडीनं, मग सगळ्यांसमोर, ही पद्धत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली आणि आपण ती डी.एड.च्या वेळेपासून ऐकतोय. पण वर्गात ‘आधी एकट्यानं’ हा भाग आपण तीस सेकंदांत उरकतो. इथं तो उरकता येत नाही.

एक सूचना मात्र आठवणीनं द्या. उत्तर टाकल्यावर लगेच इतरांची दिसत नाहीत. दुरुस्तीसाठी ठेवलेला अर्धा तास जाऊ द्यावा लागतो. हे मी सांगितलं नव्हतं, तर त्या रात्री मला एकोणीस फोन आले, ‘मॅडम, माझं उत्तर गेलंच नाही वाटतं’. तीन मुलींनी तेच उत्तर तीन-तीनदा टाकलं होतं.

गोदातीर | सोमवार, सकाळी ७.१५

मांजराकाठ मॅडम, तुमच्या फाटकाचा प्रश्न या क्षेत्रात जुना आहे. मी याच विषयावर काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शिक्षकाची योजना संगणकाला समजेल अशी लिहून ठेवता यावी, हा विचार या शतकाच्या सुरुवातीला जोरात होता. नेदरलँड्सच्या मुक्त विद्यापीठानं एक भाषा बनवली आणि तिच्यावरून २००३ मध्ये ‘आयएमएस लर्निंग डिझाइन’ हे मानक आलं. नाटकासारखी रचना: भूमिका, अंक, प्रत्येकाचं काम. कागदावर उत्तम होतं, पण शिक्षकांना ते लिहिणं अवघड गेलं. सिडनीच्या मॅक्वॉरी विद्यापीठात जेम्स डॅलझील यांच्या गटानं लॅम्स केलं, ते याच विचारातून, पण सोपं. चौकोन ओढा, बाण जोडा, चालू करा. २००५ पासून ते मुक्तस्रोत आहे.

स्पेनमध्ये व्हायाडोलिड विद्यापीठातल्या लोकांनी वेगळी वाट धरली. शिक्षकाला कोरं पान देऊच नये, तयार साचे द्यावेत: जिगसॉ, पिरॅमिड, विचार-जोडी-मांडणी. साचा निवडायचा आणि त्यात आपला विषय भरायचा. त्यांचं साधन आधी ‘कोलाज’, पुढे ‘वेबकोलाज’. तुमचा तो बारा जणांचा हिशोब अशा साच्यात आपोआप समोर येतो, कारण गट किती आणि कोण कुठं हे भरल्याशिवाय साचा पुरा होत नाही.

आता फाटक. पिएर डिलेनबुर्ग यांनी २००२ मध्येच बजावलं होतं की गटकामाची संहिता, म्हणजे कोणी कधी काय करायचं ते, फार घट्ट लिहिली तर मुलांचं आपसातलं खरंखुरं बोलणंच मरतं. मुलं एकमेकांशी बोलायचं सोडून संहितेला खूश करायला लागतात. सैल लिहिली तर काहीच होत नाही. कुठं घट्ट, कुठं सैल, हे शिक्षकानं ठरवायचं.

बार्सिलोनाच्या पोम्पेऊ फाब्रा विद्यापीठाचं ‘पिरॅमिडॲप’ मला तुमच्या अडचणीसाठी जास्त जवळचं वाटतं. त्यात आधी प्रत्येकाचं उत्तर, मग लहान गटात त्यातलं चांगलं निवडायचं, मग दोन गट मिळून पुन्हा. कोणी मध्येच गेलं तर टप्पा त्याच्यासाठी अडून राहत नाही, वेळ संपली की पुढे सरकतो. लोक गळणार हे धरूनच ते बनवलंय. लॅम्समध्येही ठरल्या वेळी उघडणारं फाटक आहे. तुमच्या वर्गाला तेच लावा.

बालाघाट | सोमवार, दुपारी १.५०

मी शिक्षक नाही. आमच्या घरी दोन कोयते होते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या दोन जोड्या. मी स्वतः अकरावीपर्यंत दिवाळीनंतर फडात जायचो. म्हणून थोडं लिहितो.

तुमची विद्यार्थिनी पळून गेलेली नाही, हे तुम्हाला माहीतच आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, उन्हाळ्यात, नाहीतर दसऱ्याच्या आधी घेतलेली असते. मुकादमाची गाडी कोणत्या दिवशी येणार हे दोन दिवस आधी कळतं. एकदा टोळी निघाली की हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत परत येणं नाही. फडात पहाटे चारला उठणं, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणं, रात्री गाडी भरायला परत. फोन असतो. चार्जिंग कारखान्याच्या गेटवर नाहीतर एखाद्या टपरीवर पाच-दहा रुपये देऊन. रात्री साडेआठ ते साडेनऊ एवढाच वेळ हाताशी, तोही घरात एक फोन असेल तर भावाचा, बापाचा, सगळ्यांचा मिळून.

गोदातीर सरांनी सांगितलं की फाटक वेळेवर उघडावं. बरोबर आहे. पण त्यानं एवढंच होईल की तिच्यावाचून बाकीचे पुढे जातील. ती तर मागेच राहील ना? माझ्या वेळी असंच व्हायचं. मी परत आलो की वर्ग पाच धडे पुढे आणि मी मागच्या बाकावर. कोणी वाईट वागलं नाही. पण वर्गात माझं काही कामही उरलेलं नसायचं.

तिला तिकडून करता येईल असं काम द्या. एवढंच सांगायचं होतं.

मांजराकाठ | सोमवार, सायंकाळी ६.३०

बालाघाट भाऊ, तुमचं लिहिणं तीन वेळा वाचलं. मनापासून आभार.

मी आखताना ४८ नावं घेतली आणि ४८ ही जणू एकाच जागी बसलीत असं धरलं. सॉफ्टवेअरनं गटात किती हे विचारलं, कोण कुठून आणि कधी येणार हे विचारलं नाही, आणि मीही स्वतःला ते विचारलं नाही. आज हजेरीपत्रक घेऊन बसले. दिवाळीनंतर जाणारी अकरा आहेत. अकरा! दरवर्षी जातात, मला हे ठाऊक होतं, आणि तरी माझ्या योजनेत त्यांचा एक चौकोनही नव्हता.

पहिलीचे_गुरुजी | सोमवार, रात्री ८.१०

मी परभणी जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आहे, पाचवी ते आठवी. ऑनलाइन काम आमच्याकडे अर्ध्या लेकरांनाच जमतं. पण मी आखायला लर्निंग डिझायनर वापरतो आणि वर्गात कागदावर चालवतो. मिनिटांची चौकट भरायची सवय लागली तेव्हा कळलं की ‘गटात चर्चा करा’ असं लिहून मी किती वेळा मोकळा झालो होतो. चर्चेतून हातात काय येणार, कोणाला कोणाची गरज पडणार, याचा पत्ताच नसायचा. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत मी माझी पाण्यावरची योजना प्रोजेक्टरवर दाखवली. तिथल्या एका ताईंनी तिची प्रत काढून पाण्याच्या जागी पोळा घातला आणि रंगीत वर्तुळासकट मला परत पाठवली. दुसऱ्याची योजना घेऊन आपल्या गावासारखी करता येते, ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते.

जिगसॉबद्दल एक गोष्ट सांगायची राहू नये. एलियट ॲरन्सन यांनी ती १९७१ मध्ये टेक्ससमधल्या ऑस्टिन शहरात सुरू केली. तिथल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं तेव्हा नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गात ताण होता. प्रत्येकाकडे असा तुकडा द्यायचा की त्याचं ऐकल्याशिवाय दुसऱ्याचं काम पुरंच होणार नाही. माझ्या वर्गात बाकं ठरलेली नाहीत, तरी लेकरं बसतात ती वस्तीप्रमाणे बसतात. ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आपण बोलत नाही. म्हणून गट मी स्वतः पाडतो, लेकरांवर सोडत नाही. लॅम्स असो की मूडल, गट आपोआप पाडायचं बटण असतं. ते दाबण्याआधी एकदा यादी वाचावी.

तासिकावाला | मंगळवार, सकाळी ६.४५

खडूफळा मॅडम, काल मी माझ्या व्हॉट्सॲप गटातली जुनी चर्चा मोजली. ५२ जण, स्वतःचं वाक्य लिहिणारे सहा. तुमचं खरं आहे.

आमच्या एका कॉलेजात मूडल आहे, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या वेळी बसवलेलं. आत फक्त पीडीएफ आहेत. पासवर्ड मिळवतो. पण मला सगळं एकदम जमणार नाही. एकच गोष्ट करायची तर कोणती?

खडूफळा | मंगळवार, सकाळी ९.००

सर, तो प्रश्नोत्तर चर्चामंच. एक प्रश्न, एक आठवडा. सेटिंग हाताळायला पंधरा मिनिटं लागतील. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलवर मूडलचे धडे आहेत, त्यात पडद्यावर बटणं दाखवतात. विद्यार्थ्यांना मूडलचं मोबाइल ॲप घ्यायला सांगा. रेंज नसताना चर्चेतलं उत्तर लिहून ठेवता येतं आणि रेंज आली की ते जातं.

जमलं की मग मूडलमधलीच ‘कार्यशाळा’ बघा. त्यात विद्यार्थी एकमेकांचं काम तपासतात. मांडणी, काम जमा करणं, तपासणं, गुणांचा हिशोब, बंद, असे पाच टप्पे ओळीनं असतात. विद्यार्थ्याला दोन गुण मिळतात, एक स्वतःच्या कामाचा आणि एक दुसऱ्याचं नीट तपासल्याचा. ते मात्र पुढच्या वर्षी. निकष लिहायलाच दोन संध्याकाळी जातात.

गोदातीर | मंगळवार, दुपारी १२.३०

मांजराकाठ मॅडम, कालपासून विचार करतोय. बालाघाट यांनी जे लिहिलंय ते माझ्या वाचनात कुठल्याही संशोधनात इतकं नेमकं आलेलं नाही. गळती ही संख्या म्हणून येते, गळालेल्या माणसाला काम उरत नाही हे येत नाही.

एक सुचवतो. प्रत्येक तुकडा दोघांकडे द्या. चौघांचे मूळ गट आठ-आठचे करा, पण तुकड्याला जोडी ठेवा. एक जण गावात, एक जण बाहेर. बाहेरच्याचं काम वेळेच्या बाणावर ठेवू नका, बाजूला वेगळा चौकोन द्या, जो कधीही भरता येईल.

मांजराकाठ | शुक्रवार, रात्री १०.१५

केलं. लिहायला उशीर झाला, कारण सगळं पुन्हा आखलं.

आठ जणांचे सहा गट. धागे तेच चार, प्रत्येक धागा दोघांकडे. अकरा बाहेरच्यांपैकी प्रत्येकाला गावातली जोडी. फाटक आता रविवारी रात्री दहाला आपोआप उघडेल, कोणी आलेलं असो नसो. बाहेरच्यांना एकच काम: तुम्ही आहात तिथलं पाणी सांगा. बोलून, फोटो काढून, लिहून, कसंही. व्हॉट्सॲपवर जोडीदाराला पाठवायचं आणि त्यानं ते लॅम्समधल्या गटाच्या पानावर चढवायचं. तासिकावाला सर, शेवटी तुमचं व्हॉट्सॲप लागलंच.

खडकाच्या गटानं मुरमाचा आणि काळ्या पाषाणाचा असे दोन तुकडे विहिरीच्या काठावरून आणून फोटो टाकले. मुरमावर ओतलेलं पाणी मुरलं, पाषाणावरचं ओघळून गेलं. धरणाच्या गटातली दोघं धनेगावला, मांजरा धरणावर जाऊन आली.

आणि ती मुलगी. काल रात्री पावणेनऊला तिच्या जोडीदाराकडे दोन मिनिटं दहा सेकंदांचा आवाज आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज आहे, कोणीतरी तिला हाका मारतंय. तिची टोळी मिरजेच्या जवळ आहे, हे मला आत्ता कळलं. ती सांगते की ती तोडते त्या फडाच्या बांधाला पाट आहे आणि तो वाहतोय, पाणी कृष्णेचं आहे असं मळेवाल्या मावशींनी सांगितलं. मावशींना तिनं विचारलं, आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते इथलंच का? त्या हो म्हणाल्या, त्यांनी टाक्यांची गाडी पाहिली होती. मग ती म्हणते, “मॅडम, इथला ऊस आणि आपल्याकडचा ऊस सारखाच उंच आहे. इथं त्याला नदी आहे. आपल्याकडं कशावर उभा होता, ते खडकाच्या गटाला विचारा.”

खडकाच्या गटाला मी ते जसंच्या तसं ऐकवलं. त्यांनी उत्तरासाठी सोमवारपर्यंत वेळ मागितलाय.